तिसऱ्या अंकातला चोर

नाटकातल्या चोराचं काम आमच्या गावात कुणी घ्यायचं नाही. राजाच्या कामासाठी भांडणं व्हायची. फौजदाराच्या कामावरून एका वर्षी दोन चुलत घरांत बोलणं बंद झालं होतं. नायकाचं काम तर यात्रेत ज्या घराचा मान मोठा त्या घरातच जायचं. पण चोर म्हटलं, खुनी म्हटलं, की तालमीच्या बैठकीत सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसायचे. “आमच्या घरचं पोरगं बेड्या घालून स्टेजवर हुबं ऱ्हायचं न्हाई,” असं कुणीतरी बोलायचं आणि उठून जायचं. आणि गंमत अशी की यात्रेला लोकांना नाटक लागायचं ते गुन्ह्याचंच. देवादिकांचं नको, रडकं सामाजिक नको. खून पाहिजे, मध्येच दिवे जायला पाहिजेत, बाई किंचाळली पाहिजे, आणि शेवटी फौजदारानं बोट दाखवलं पाहिजे. बोट दाखवायचं तर समोर कुणीतरी उभा पाहिजे. तो माणूस मग आमच्या घरातून जायचा.

तो माणूस म्हणजे माझे वडील. गाव त्यांना दावीदमामा म्हणायचं, मी दादा म्हणायची. भीमेच्या काठचं आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. पलीकडच्या तीरावर दौंड तालुका लागायचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून आमच्या ओळखीची माणसं आहेत, त्यांची नातवंडं आहेत, आणि या वयातही मला भीती वाटते की कुणाच्या हातात हे पडलं तर काय होईल. भीती कसली ते मला धड सांगता येत नाही. इथं हिमाचलात येऊन माझं सगळं आयुष्य गेलं, मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राबले, तिथूनच रिटायर झाले. मला मराठीत हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही. तरी गावातली माणसं काय म्हणतील ही धास्ती काही सुटत नाही. आठवीतून उठलेल्या बाईनं पुस्तक लिहावं का, हीही एक धास्ती. पण लिहिते.

गावात ख्रिस्ती घरं चारच. ओढ्याच्या अंगाला, एका ओळीत. दादांचं एसटी थांब्यासमोर, घराला लागूनच, सायकलचं दुकान होतं, म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रा आणि पुढं एक पाण्याची घमेली. घमेलीत ट्यूब बुडवली की पंक्चरच्या जागेवरून बुडबुडे यायचे, आणि दादा लहान पोरासारखे खूश होऊन म्हणायचे, “गावला बघ!” घरात दिवसभर दोन आवाज असायचे. दुकानावरून हवेच्या पंपाचा, आणि आत आईच्या जात्याचा. गिरणी होती, पण हुलगे आई घरीच दळायची. हुलग्याचं पातळ, कढत माडगं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, रविवारी चर्चवरून आलं की सुक्या बोंबलाचं कालवण. वास गेला की शेजारच्या वत्सलाकाकू कुंपणावरून ओरडायच्या, “दावीद, आरं उद्या आमचा सोमवारचा उपास हाय, आताच मन चळवू नगंस!” वत्सलाकाकू मोठ्या बागायतदाराच्या घरच्या, विधवा, तोंडानं फटकळ. त्यांचं नाव मी आत्ताच घेऊन ठेवते, कारण या प्रकरणात मला ज्यांचे पाय धरावेसे वाटतात त्या एकट्या त्याच आहेत.

बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असायची. चार घरांतली माणसं, मध्ये कंदील, पेटी नव्हती म्हणून टाळ्यांवर गाणी. गाणी झाली की एकेकानं उभं राहून साक्ष द्यायची. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साक्ष म्हणजे आपण आधी किती वाईट होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं वाचवलं, ते चारचौघांत बोलायचं. यात कुणी खोटं बोलत नाही, पण पाप जितकं मोठं तितकी प्रभूची दया मोठी दिसते, म्हणून पाप थोडं फुगतं. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तरुणपणी भावाला काठी मारली होती. दर बुधवारी ती काठी जाड होत गेली, आणि शेवटी शेवटी तर भाऊ मरतामरता वाचला होता. तो भाऊ तिथंच मांडी घालून बसलेला असायचा आणि “आमेन” म्हणायचा. दादांचं पाप सीताफळांचं होतं. लहानपणी मिशनच्या बंगल्यातली सीताफळं त्यांनी चोरली होती, आणि मार दुसऱ्याच पोरानं खाल्ला होता. पण ते सांगायला लागले की सीताफळं बाजूला राहायची. खाली बघत, हळू आवाजात, जणू कुणी एकटाच ऐकतोय असं ते म्हणायचे, “मी चोर व्हतो. माझ्या हाताला ठाऊक व्हतं, ह्ये माझं न्हाई. तरी हात गेला.” बायका पदर डोळ्याला लावायच्या. मीही रडायची, सीताफळांसाठी.

त्या वर्षीचं नाटक एका शहरातल्या बंगल्यातलं होतं. मालकीणबाईंचा खून होतो, हार जातो, घरातल्या प्रत्येकावर संशय येतो. पुतण्यावर, डॉक्टरावर, वकिलावर. हे सगळे शुद्ध बोलतात, “आपण असे कसे म्हणू शकता” असं. एकटा माळी आमच्यासारखं बोलतो, हाय आणि न्हाई करून. आणि खून माळ्यानं केलेला असतो. आमच्या अख्ख्या गावात शुद्ध बोलणारं माणूस औषधालाही नव्हतं. फौजदार झालेल्या बाळासाहेबाला ‘आहे’ म्हणायला शिकवताना नाटक बसवणाऱ्या शाळेतल्या मास्तरांच्या तोंडाला फेस आला. तरी तालमीत कुणाला ते खटकलं नाही. लिहिणाऱ्यानं पुण्याच्या खोलीत बसून ठरवलं होतं की घरात आमच्यासारखं बोलणारा एकच असेल, आणि तोच चोर असेल. परवा सुनेच्या फोनवर एक मालिका बघितली. तीच तऱ्हा. पहिल्या पाच मिनिटांत वॉचमन तोंड उघडतो आणि मला कळतं कोण ते. सून म्हणते, “मम्मीजी, आपको कैसे पता?” मी काय सांगणार? मी फोन तिच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात जाते, आणि भांडी जरा जोरातच आपटतात.

दादांना वाचता यायचं, पण अडखळत. म्हणून त्यांची तालीम घरी मी घ्यायची. मी मालकीणबाई, मीच पुतण्या, मीच फौजदार. ते पंक्चर काढता काढता माळी व्हायचे. तिसऱ्या अंकात माळ्याची मोठी कबुली होती. ती ते सुरुवातीला आरडाओरडा करून म्हणायचे, डोळे मोठे करून, हसून, सिनेमातला खुनी हसतो तसं. आई जात्यावरून म्हणाली, “चोर काय असा वराडत असतो व्हय? तुमी बुधवारी बोलता तसं बोला की.”

 दादांच्या हातातली ट्यूब घमेलीत तशीच राहिली. मग त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, “व्हय सायेब. म्याच केलं. प्वाट भरलेलं व्हतं, भुकेचं नाव घेनार न्हाई. हाताला ठाऊक व्हतं ह्ये माझं न्हाई. तरी हात गेला.” यातलं शेवटचं वाक्य नाटकात नव्हतंच. मी नाटकाची वही खाली ठेवली. थांब्यावर एसटीची वाट बघणारे दोघं-तिघं आत वाकून बघायला लागले, इतकं ते खरं वाटलं.

यात्रेत तर काय सांगू. तिसरा अंक आला आणि मैदान शांत झालं. शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला. दादांची कबुली संपली आणि खाकी कपड्यातल्या बाळासाहेबानं त्यांच्या दंडाला धरून त्यांना विंगेत नेलं, तेव्हा बायका रडत होत्या. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आप्पा म्हणजे बाळासाहेबाचे चुलते. गावात पानसुद्धा त्यांना विचारून हलायचं. ते स्टेजवर आले आणि त्यांनी दादांच्या खांद्यावर शाल टाकली. दादा इतके वाकले की शाल पडली. नंतर कितीतरी दिवस ती शाल आईनं खुंटीवर ठेवली होती, घडी न मोडता. त्या दिवसांत मी शाळेत मोठ्या घरच्या पोरींच्या शेजारी बसले. त्यांनीच बोलावलं. “दावीदमामाची रूथ हाय ही.” तो आनंद मी नाकारत नाही. आता त्याची आठवण आली की अंगाचा तिळपापड होतो, पण तेव्हा आनंद होता.

उन्हाळा चढला. नदीचं पाणी खाली गेलं, आणि एका सकाळी काठावरच्या विजेच्या मोटारी फोडलेल्या सापडल्या. आतली तांब्याची तार नेली होती, सांगाडे तिथंच पडले होते. त्यात आप्पांची मोटार होती, आणखी चार-पाच घरांच्या होत्या. ऊस डोळ्यांदेखत वाळतोय आणि मोटार नाही. गाव पेटलं, आणि ते पेटणं मला आजही चुकीचं वाटत नाही. दुपारच्या आधी जीप आली. ठाणं कुठलं, हवालदार कोण, ते लिहून काही उपयोग नाही. चावडीपुढं माणसं जमली. शाळेला सुट्टी होती आणि मी वत्सलाकाकूंबरोबर समोरच्या गिरणीत दळण घेऊन बसले होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

हवालदार सगळ्यांना तेच विचारत होता. संशय कुणावर? गावात नवीन कोण आलंय? लोक एकमेकांकडं बघत होते. भावकीत कुणाचं नाव घ्यायचं? मग गर्दीतून कुणीतरी, मला आवाज ओळखू आला पण लिहीत नाही, चेष्टेनं म्हणालं, “सायेब, चोर तर यात्रेतच घावला हाय. तिसऱ्या अंकात!”

सगळे हसले. उन्हात तापलेल्या, वैतागलेल्या माणसांना हसायला काहीतरी पाहिजेच होतं. हवालदार म्हणाला, “कोण तिसऱ्या अंकात?” त्याला सांगितलं. तोही हसला, म्हणाला, “बोलवा की मग, आमालाबी दाखवा.” एक पोरगं पळत दुकानावर गेलं आणि दादा आले, हाताचं काळं फडक्याला पुसत, हसत. मी गिरणीच्या उंबऱ्यावर उभी राहिले. मला वाटलं, आता आणखी एक शाल मिळतेय.

“करा मामा, सायबांना दाखवा,” आप्पा म्हणाले.

दादांनी टोपी काढली. खाली बघितलं. आणि केलं. यात्रेपेक्षाही चांगलं केलं, कारण आता मध्ये बत्ती नव्हती, रंग नव्हता, कपाळावर खरा घाम होता. “व्हय सायेब. म्याच केलं.” संपल्यावर टाळ्या पडल्या. वत्सलाकाकूंनी टाळी वाजवली नाही. त्या पुटपुटल्या, “ह्ये काय चाललंय ह्येंचं?” आणि हातातला पिठाचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

हवालदारानंही टाळी वाजवली नव्हती. तो म्हणाला, “हे कुठं शिकला?”

दादांच्याऐवजी बाळासाहेबानंच उत्तर दिलं, कौतुकानं. हो, मी अजूनही म्हणते, कौतुकानंच. “शिकायचं काय सायेब, त्येंच्या घरी दर बुधवारी ह्येच असतं. मी चोर व्हतो म्हनून रडत्यात. आमी भायेरनं ऐकतो की.”

“खरं का रे?” हवालदारानं विचारलं. मघापासून ‘मामा’ ऐकत होता, आता ‘रे’ म्हणाला.

इथं मी थांबते. दादांना ‘नाही’ म्हणता आलं असतं. ‘सायेब, ते प्रार्थनेतलं बोलणं’ असं म्हणून हसून निघून जाता आलं असतं. दुसऱ्या कुठल्याही माणसानं तेच केलं असतं. पण आमच्यात साक्ष नाकारणं म्हणजे प्रभूलाच नाकारणं. ते त्यांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. ते सरळ उभे राहिले, बुधवारी राहायचे तसे, आणि म्हणाले, “व्हय सायेब, खरं हाय. लहानपनी चोरी केली व्हती.”

“कशाची?”

“सीताफळाची.”

पुन्हा सगळे हसले. हवालदार हसला नाही. त्याला वरून कुणीतरी विचारणार होतं की दिवसभरात काय केलं, आणि त्याच्यासमोर एक माणूस उभा होता, भावकी नसलेला, जमीन नसलेला, हाताला काळं लागलेला, सायकलच्या दुकानात पक्कड आणि पान्हे ठेवणारा, आणि आपल्या तोंडानं चोर म्हणवून घेणारा. तो म्हणाला, “बस गाडीत. ठाण्यावर बोलू.”

मी वाट बघितली. अख्खी चावडी उभी होती. आता कुणीतरी म्हणेल, सायेब, चेष्टा व्हती. आप्पा म्हणतील. मास्तर म्हणतील. कुणी बोललं नाही. आणि बाळासाहेब पुढं झाला आणि त्यानं दादांच्या दंडाला धरलं, अगदी स्टेजवर धरायचा तसं, आणि त्यांना जीपपर्यंत नेलं. दादा त्याच्याकडं बघून हसले. त्यांना अजून वाटत होतं, नाटकच चाललंय.

ओरडल्या त्या वत्सलाकाकू. पिठानं पांढरे झालेले हात वर करून त्या रस्त्याच्या मधे उभ्या राहिल्या. “आप्पा! मूग गिळलंत का? मानूस नेत्यात तुमच्या म्होरं! त्यो काय त्या नदीला मोटारी फोडाय गेला व्हता? त्येला रातचं दिसत न्हाई धड, सगळ्या गावाला म्हाईत हाय!” आप्पा म्हणाले, “वहिनी, सरकारी कामात बायकांनी पडू नाय.” जीप त्यांना वळसा घालून गेली.

दोन दिवस दादा घरी नव्हते. आईनं जातं ओढलं नाही, चूल पेटवली ती फक्त आमच्या चहापुरती. भाकऱ्या वत्सलाकाकूंकडून यायच्या, फडक्यात गुंडाळलेल्या, वर पिठल्याचा गोळा, आणि त्या स्वतः आईला घेऊन ठाण्यावर गेल्या. त्यांच्या जावांनी त्यांना किती बोल लावले असतील ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ठाण्यावर त्या काय बोलल्या ते आई सांगायची: “मी बागायतदाराची सून हाय. माझीबी मोटार गेलीया. मी सांगते, ह्यो न्हाई. लिवून घ्या माझं नाव.” ज्या बाईनं आपलं नाव असं पुढं केलं तिला मी परत कधी भेटले नाही. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी दवाखान्यातल्या पाळीवर होते. चादरींचा ढीग घेऊन कोपऱ्यात उभी राहिले आणि रडून घेतलं. इथल्या कुणाला सांगितलं नाही. कोण म्हणून सांगायचं? शेजारीण?

दादांवर काही लागलं नाही. लागायला काही नव्हतंच. त्यांना सोडलं, एसटीनं आले, थांब्यावर उतरले आणि समोरच्या आपल्या दुकानात न जाता मागल्या वाटेनं घरी आले. पावलं सुजली होती. आई कढत पाण्यात मीठ घालून शेकत होती आणि ते म्हणत होते, “जास्ती न्हाई मारलं. मला परत म्हनाय लावायचे. ते भाशान. ज्यो नवा सायेब येईल त्यो म्हनायचा, करून दाखव. करून दाखवलं की मारायचे.”

ज्यांनी गुन्ह्याच्या गोष्टी वाचल्यात त्यांना आता वाटत असेल, शेवटी खरा चोर सापडतो. नाही सापडला. मोटारी कुणी फोडल्या ते मला आजही माहीत नाही. कुणी म्हणायचं दौंडकडची टोळी होती, कुणी आणखी काही. तुम्हाला ते कळलं नाही म्हणून चुटपुट लागत असेल तर लागू दे. त्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी आपल्याला ही सवय लावली आहे की शेवटच्या पानावर एक माणूस हातात दिला की बरं वाटतं, पुस्तक मिटून झोपता येतं. माझ्या बापाला त्यांनी असाच गावाच्या हातात दिला होता, आणि गाव झोपलं.

दुकान चालू राहिलं, पण वेगळं झालं. आधी माणसं सायकल टाकून बाजाराला मांडवगणला जायची, संध्याकाळी न्यायची. आता पंक्चर निघेपर्यंत शेजारी उभी राहायची. बोलायची गोडच. “काय तिसरा अंक, बरं हाय ना?” दादा मान हलवायचे. बुडबुडा दिसला तरी बोलायचे नाहीत. शाळेत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज घोगरा करून म्हणायचं, “व्हय सायेब, म्याच केलं.” सगळ्या पोरांना पाठ होतं. एकदा फळ्याकडं तोंड करून उभे असलेले मास्तरही हसले. खांदे हलले त्यांचे. मी दप्तर उचललं आणि घरी आले, ती परत गेले नाही. आईनं दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी जात्यावर माझ्यासाठी जागा केली. माझी शाळा एवढीच. इथं दवाखान्यात नर्सबाईंनी मला औषधांची नावं वाचायला शिकवली, त्यांचे उपकार आहेत, पण अंकगणित माझं अजून कच्चं आहे, आणि नातू गृहपाठ घेऊन आला की मी काहीतरी काम काढून उठते.

पुढच्या वर्षी यात्रा जवळ आली तशी एका सकाळी आमच्या दारात आप्पा आले, बाळासाहेब आणि मास्तर बरोबर. आप्पा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. दादांनी घोंगडी झटकून अंथरली. आईला चहा करायला सांगितलं, कडक, जास्त साखरेचा. आप्पांनी आमच्या कपातला चहा घेतला. ही केवढी गोष्ट होती ते आता माझ्या सुनेला पटणार नाही.

“मामा, औंदाबी रहस्यनाटकच घेतलंय,” आप्पा म्हणाले. “पब्लिक तुमालाच मागतंय. चोर तुमीच.”

दादांनी खाली बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. आजही सांगते, त्यांना ते काम आवडायचं. मग ते म्हणाले, “करतो की. पन औंदा आदलाबदल करू. मी फौजदार व्हतो. बाळासाहेब चोर व्हऊ द्यात.”

बाळासाहेब हसला. मास्तर म्हणाले, “लोकांना पटायला पाहिजे ना मामा.”

“पटंल की. मला त्येंचंबी भाशान पाठ हाय.”

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकला. “तसं न्हाई मामा. बाळ्याचं लगीन ठरवायचंय. पोरीकडची मानसं यात्रंला येनार. तेंच्या म्होरं ह्यो बेड्या घालून हुबा ऱ्हायला तर कसं दिसंल?”

आई चुलीपाशी बसली होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती. “माजीबी पोरगी लग्नाची व्हनार हाय,” ती म्हणाली.

आप्पा तिच्याकडं बघून समजूत घातल्यासारखं बोलले, अगदी प्रेमानं, “आगं, तुमच्यात चालतं.”

दादांनी तेव्हा विचारलं. मी त्यांना कधी कुणाला असं सरळ काही विचारताना पाहिलं नव्हतं. “आप्पा, तुमची मोटार म्या फोडली असं वाटतं का तुमाला?”

“छ्या, छ्या!” आप्पांनी बशी खाली ठेवली. त्यांना खरोखर वाईट वाटलं. “कसलं बोलता मामा? आमाला तवाबी म्हाईत व्हतं. सगळ्या गावाला म्हाईत व्हतं, दावीदमामा न्हाई म्हनून.”

“मंग त्या दिशी बोलला का न्हाई?”

 बाहेर कुणीतरी पंपानं आपल्याच हातानं सायकलीत हवा भरत होतं.

“आता त्यो इषय कशाला,” आप्पा म्हणाले. “तवा कुनाचं तरी नाव द्यायलाच लागलं असतं.”

आई उठली. पदर खोचून त्यांच्यासमोर आली आणि तिनं हात पुढं केला. “कप द्या हिकडं.”

“आगं, ऱ्हायलाय अजून निम्मा.”

“द्या.”

आप्पांनी कप दिला. मग मास्तरांनी दिला, मग बाळासाहेबानं. आमच्या घरात पाहुण्याच्या हातातला अर्धा प्यालेला कप कुणी काढून घेतल्याचं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर आयुष्यात कुठं पाहिलं नाही. तिन्ही कप घेऊन आई मागल्या दारी गेली, आणि चहा ओतल्याचा आवाज आला. दादा घोंगडीवरून उठले नाहीत. ते तिघं जरा वेळ हात कुठं ठेवावेत ते न कळून उभे राहिले, आणि मग चपला शोधायला लागले.

यात्रेच्या आधीच आम्ही पंप, पान्हे आणि जातं टेम्पोत घालून दौंडला निघालो. गाव सोडताना कमिटीची पोरं थांब्यासमोर नाटकाचा फलक उभा करत होती. चोराच्या नावापुढची जागा अजून कोरी होती.